बिनवासाचं दही

दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं का दुखतं, हे मला तरुणपणापासून ठाऊक आहे. मी स्वतः कधी प्यायलो नाही. नाशिकच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं सहायक होतो. शिकवणारे दुसरे असायचे. मी द्रावणं करून ठेवायचो आणि मुलांनी परीक्षानळ्या फोडल्या की काचा गोळा करायचो. वर्गापुढे उभं राहायची मला भीती वाटायची. पुस्तकं मात्र सगळी वाचली.

पुस्तकात आहे ते असं. पोटात गेलेला अल्कोहोल यकृतात दोन पायऱ्यांनी मोडला जातो. पहिल्या पायरीवर त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि दुसऱ्या पायरीवर ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते. शेवटचं निरुपद्रवी असतं. खोड आहे ती मधल्या पदार्थात. पहिली पायरी भरभर होते, दुसरी रेंगाळते, आणि मधला विषारी पदार्थ रक्तात साचत जातो. शिवाय शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, झोप तुटक झालेली असते. या सगळ्याचं मिळून जे होतं त्याला लोक हँगओव्हर म्हणतात.

माझा मुलगा निषाद पिऊ लागला तेव्हा या ज्ञानाचा मी एवढाच उपयोग केला, की त्याची सकाळ सोपी केली. उठल्याबरोबर मीठ, साखर आणि लिंबू घातलेलं पाणी, घोट घोट. मग मऊ भात, तूप, मेतकूट. अकराच्या सुमारास केळं किंवा शहाळं. ब जीवनसत्त्वाची गोळी, कारण दारू ते जीवनसत्त्व शरीरातून काढून नेते. डोकेदुखीची गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही. दुपारी ताक. हे सगळं साधं आहे, आणि त्याने थोडा आराम पडतो. बरं मात्र काही होत नाही. हे मी त्याला सांगायचो, पण हळू आवाजात.

माझी सून ऋजुता एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला इतकं छान उठवता, की झोपताना त्याला काळजीच वाटत नाही."

तिचं बरोबर असावं असं मला वाटलं, आणि मी लिंबं आणायला गेलो.

दोन हजार चाळीस साली 'नितळ' नावाची पुडी बाजारात आली. कल्पना हुशारीची होती. दही लावणाऱ्या जिवाणूंच्या एका जातीत शास्त्रज्ञांनी दोन नवी जनुकं घातली होती. हे जिवाणू आतड्यात गेले की अल्कोहोल आणि ॲसिटाल्डिहाइड दोन्ही खायचे. प्यायलेला बराचसा अल्कोहोल आधीच रक्तात गेलेला असतो, म्हणून नशा चढायची ती चढायचीच. पण रक्तातून आतड्याकडे पुन्हा झिरपणारा भाग हे जिवाणू रात्रभर फस्त करत राहायचे. सकाळी डोकं स्वच्छ, तोंडाला वास नाही, हात स्थिर. सोबत थोडे क्षार आणि जीवनसत्त्वं. जिवाणू दोन दिवसांत शरीराबाहेर पडतील अशीच त्यांची रचना होती. नाहीतर दुसरी पुडी कोण घेणार.

पहिलं वर्षभर सगळे खूश होते. कारखान्यांत सोमवारची गैरहजेरी कमी झाली. लग्नाच्या पंगतीत विड्याशेजारी नितळची पुडी दिसू लागली. मग हळूहळू डॉक्टरांकडे पस्तिशीची माणसं सुजलेलं यकृत घेऊन येऊ लागली. त्यांचं डोकं कधी दुखलं नव्हतं, त्यामुळे आपण किती पितो हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. शरीराची कुरकुर बंद झाली होती, झीज चालूच होती.

ऋजुता हे सगळं वाचून होती. एक्केचाळीसच्या जुलैत ती घर सोडून पुण्याला गेली, कारण निषादने पिऊन, वर नितळ घेऊन गाडी चालवली आणि आपण शुद्धीत आहोत असं तिला छातीठोकपणे सांगितलं. ती पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर. पुलाला तडा आहे का, हे पुलाला विचारायचं नसतं, असं ती म्हणायची.

ऑगस्टमध्ये तिने मला फोन केला. "निषाद म्हणतो, सोडली. त्याच्या बोलण्यावर मी येणार नाही. घरात बाटली नको आणि नितळही नको. आणि तो खरंच सोडतोय का, ते तुम्ही मला सांगायचं. रात्री तो घरी येतो तेव्हा तुम्ही जागे राहाल का?"

निषाद नाशिकच्याच अंबड भागातल्या एका कंपनीत होता. महामार्गावर चालकाविना धावणाऱ्या ट्रकांवर पडद्यासमोर बसून नजर ठेवायचं काम. तो दहाच्या पुढे यायचा. मी नऊला झोपतो. पण खरं कारण ते नव्हतं. छत्तीस वर्षांच्या मुलाच्या तोंडाजवळ नाक नेऊन उभं राहायचं, याची मला लाज वाटली.

मी म्हटलं, "त्यापेक्षा मी सकाळी बघतो. रात्रीचं सगळं सकाळी दिसतं. रीतसर नोंद ठेवतो."

"तुम्हाला खात्री आहे?"

"बहुतेक," मी म्हटलं. माझ्या तोंडी हा शब्द तिने इतक्यांदा ऐकला होता, की तिने तो होकारच धरला.

एक सप्टेंबरपासून मी तक्ता आखला. उठण्याची वेळ, डोळ्यांचा रंग, भूक, किती पाणी प्यायला, श्वास. आणि हाताचा कंप. त्यासाठी त्याने दोन्ही हात पुढे करायचे, मी त्यांवर पातळ कागद ठेवायचा आणि कागदाची कड थरथरते का ते पाहायचं. दर रविवारी तक्त्याचा फोटो ऋजुताला जायचा.

निषाद न कुरकुरता बसायचा. "बाजारात बैल बघतात तसं बघताय," असं म्हणून हसायचा. "दात पण मोजा."

"दात तक्त्यात नाहीत," मी म्हणायचो.

सहा महिन्यांत कागद एकदाही हलला नाही. डोळे पांढरे, भूक चांगली. कंपनीच्या दारात रोज सकाळी श्वास तपासला जायचा, तिथेही काही निघालं नाही. मार्चच्या सुरुवातीला ऋजुताचा फोन आला. तिला गुवाहाटीची बदली आली होती. ब्रह्मपुत्रेवरच्या नव्या पुलाची प्रमुख तपासनीस, तीन वर्षं. अशी जागा पुन्हा येत नाही, असं तिच्या वरिष्ठ म्हणत होत्या. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"नाही म्हणावं असं वाटतंय," ती म्हणाली. "सहा महिने तो नीट राहिला. मग मी पण काहीतरी सोडायला हवं ना, बाबा?"

"तक्ते तर चांगले आहेत," मी म्हटलं.

तो सोमवार होता. गुरुवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या कुमुदताई भालेकर वाटी परत करायला आल्या.

इथे मला दह्याबद्दल सांगायला हवं. आमच्या घरचं विरजण माझ्या पत्नीने, उज्ज्वलाने, लग्नानंतर साताऱ्याहून माहेरच्या डब्यातून आणलं होतं. रोजच्या दह्यातलं चमचाभर बाजूला ठेवायचं, दुसऱ्या दिवशी कोमट दुधात घालायचं. अशी छत्तीस वर्षं. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून ते मी सांभाळत होतो. आमच्या इमारतीत कुणाचं विरजण बिघडलं की वाटी घेऊन माणूस आमच्याकडे यायचं.

कुमुदताई दारातच उभ्या राहिल्या. "भाऊ, राग मानू नका. तुमचं दही घट्ट लागतं, नाही असं नाही. पण पूर्वीची गोडी गेली बघा. वासच नाही त्याला. आमचे हे म्हणतात, भिंतीला लावायची खळ खातोय का काय."

"माझ्या नाकाला वाटतच होतं," मी म्हटलं. "पण माझं नाक…"

माझ्या नाकावर माझा विश्वास नाही. एकवीस सालच्या साथीत माझा वास दोन महिने गेला होता आणि परत आला तो पूर्ण आला की नाही, हे मला कधीच कळलं नाही. दिवाळीच्या सुमारास दह्याचा वास येईनासा झाला, तेव्हा वय झालं असं मानून मी सकाळ-संध्याकाळ वाफ घ्यायला लागलो होतो.

"तुमचं नाक ठीक आहे हो," कुमुदताई म्हणाल्या. "एक गुण आहे मात्र तुमच्या दह्यात. आमच्या ह्यांचं शनिवारचं बसणं तुम्हाला माहीत आहे. पूर्वी रविवारी अकरापर्यंत डोकं धरून पडलेले. आता सहाला उठतात आणि मलाच उठवून चहा मागतात. पुडीबिडी काही घेत नाहीत, मी खिसे बघते. दिवाळीपासून असं. मी म्हटलं, देवच पावला."

त्या हसत खाली गेल्या. मी स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसलो.

ताज्या दह्याला जो वास येतो, थोडा हिरव्या सफरचंदासारखा, तो ॲसिटाल्डिहाइडचाच असतो. दारूच्या दुसऱ्या दिवशी जे डोक्यात घण घालतं तेच दह्यात अगदी थोडं असतं आणि दह्याला दह्याची चव देतं. दही लावणारे जिवाणू ते तयार करतात. ज्या दह्यात ते नाही, त्यात ते तयार होताच कुणीतरी खाऊन टाकत असलं पाहिजे.

हे समजायला मला कोणतंही पुस्तक उघडावं लागलं नाही. दिवाळीतही लागलं नसतं.

माझ्याकडे जुन्या सामानात शिफचं द्रावण होतं. रंगहीन असतं, ॲल्डिहाइड मिळालं की जांभळट गुलाबी होतं. मी चौकातल्या डेअरीतून दही आणलं. दोन्ही दह्यांवरची निवळ गाळली, मंद आचेवर तापवून तिची वाफ थंड पाण्यात धरली, आणि दोन्हीत थेंब थेंब द्रावण टाकलं. डेअरीच्या दह्याची नळी गुलाबी झाली. आमच्या घरच्या दह्याची पाण्यासारखी राहिली. मी घड्याळ लावून अर्धा तास थांबलो. कॉलेजात शिकवणारे मुलांना असंच थांबायला सांगायचे. ती तशीच राहिली.

शुक्रवारी सकाळी साडेसातला निषाद आला, खुर्ची ओढली आणि दोन्ही हात पुढे केले. "घ्या, ठेवा कागद."

मी कागद ठेवला नाही. "दह्यात काय घातलंस?"

त्याचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग त्याने ते खाली घेतले आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

"कधी कळलं?"

"काल."

"मला वाटलं होतं, दिवाळीतच कळणार. तुम्ही बरणी हुंगत उभे होतात. म्हटलं, संपलं आता." त्याने पोह्यांवर दही घेतलं. "मग तुम्ही वाफ घ्यायला लागलात."

मला काय वाटलं ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. मी तो पातळ कागद घडी घालून बाजूला ठेवला.

"दिवाळीपर्यंत खरंच सोडली होती. मग एकच पुडी," तो म्हणाला. "पुडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, दुधात मिसळू नये. का मिसळू नये, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. विरजण कसं जगतं ते तुम्हीच शिकवलंत, मी दुसरीत होतो. मग दुसरी पुडी कशाला घ्यायची? घरात पुडी नको असं ऋजुताने सांगितलं होतं. पुडी घरात नव्हतीच."

"आणि आईचं?"

"दोन्ही एकत्र टिकली नसती. ते बेसिनमध्ये ओतलं."

ते त्याने सहज सांगितलं. लहानपणी फुटलेल्या कपाबद्दल सांगायचा तसंही नाही. त्यात निदान भीती असायची.

"रोज पितोस?"

"सुट्टीच्या दिवशी नाही. सुट्टीच्या दिवशी मी संध्याकाळी तुमच्यासमोर घरात असतो." तो खात होता. "आता तुम्ही सांगा, बाबा. मी वेळेवर उठतो. कामात सहा महिन्यांत एक चूक नाही. कुणावर ओरडत नाही. दारू वाईट का, तर माणूस दुसऱ्या दिवशी कामातून जातो म्हणून. ते मी काढून टाकलं. मग वाईट काय उरलं?"

"तुझं यकृत."

"ते तुमच्या तक्त्यात नाही."

"मी तिला खोटं कळवलं."

"तुम्ही कुठे खोटं कळवलंत? तुम्हाला दिसलं ते लिहिलंत. म्हणून तर तिने मानलं. माझं कोण मानत होतं?" मग त्याचा आवाज थोडा खाली आला. "ती येतेय, बाबा. ती आली की मी सोडेन. ती नसताना मला जमत नाही, एवढंच आहे ते. आत्ता सांगितलंत तर ती कधीच येणार नाही."

मी म्हटलं, "आज पाचला तिला कळवायचंय."

"आणि तुम्ही काय कळवणार? एका प्रयोगावर? जुनं द्रावण, घरातला गॅस, डेअरीचं दही. तीनदा केल्याशिवाय लिहायचं नाही, असं तुम्हीच म्हणायचात." तो उठला. बशी त्याने स्वतः विसळली. "करा तीनदा. मग सांगा."

एवढं सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. प्रयोगाची आता गरजच नव्हती, हे कुणालाही कळलं असतं. मलाही कळत होतं. तरी तो गेल्यावर मी दुसऱ्या डेअरीचं दही आणलं आणि पुन्हा नळ्या मांडल्या.

चार वाजता दुसरा प्रयोग संपला. निकाल तोच होता. मी फोन हातात घेतला, ऋजुताचं नाव काढलं आणि काय म्हणायचं याची मनात जुळवाजुळव केली. 'मला वाटतं', 'बहुधा', 'माझी चूक असू शकेल'. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला मला असं काहीतरी लागत होतं, आणि पुढचं वाक्य माझ्या मुलाला बुडवणारं होतं. पाचला दहा कमी असताना मी फोन खाली ठेवला. द्रावण खरंच जुनं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवारी तिसऱ्यांदा केलं. मग बरणीतलं सगळं दही उकळत्या पाण्यात ओतलं आणि कुमुदताईंना सांगायला खाली गेलो. त्यांना सगळं खरं सांगितलं नाही. विरजणात औषधी जिवाणू शिरलेत, टाकून द्या, एवढंच म्हटलं.

"म्हणजे रविवारचं डोकं परत सुरू होणार?" त्यांनी विचारलं.

"होईल."

"मग राहू द्या की, भाऊ. वासाचं काय घेऊन बसलात."

त्यांच्याकडून ते वरच्या पाटणकरांकडे गेलं होतं आणि पाटणकरांच्या लेकीकडे ओझरला. आणखी कुठे कुठे गेलं, ते मी विचारलं नाही.

रविवारी सकाळच्या बसने मी पुण्याला निघालो. निषाद झोपलेला होता. फोनवर हे सांगता येणार नव्हतं. निदान शुक्रवारी ते सांगता आलं नाही याला मी आता हे कारण देत होतो, आणि त्याला धरूनच वागत होतो.

ऋजुता चौथ्या मजल्यावर भाड्याने राहायची. दार उघडताच तिचा चेहरा खुलला. "बाबा, कळवायचं तरी. मी स्टँडवर आले असते." तिच्या खोलीत दोन खोकी बांधून तयार होती. ती येत्या शनिवारी नाशिकला यायची होती.

"बसा. पाणी देते. थालीपीठ लावू?"

"नको. आधी ऐक."

मी सगळं सांगितलं. विरजण, पुडी, नळ्या, त्याने काय म्हटलं ते. एकदाही 'बहुधा' म्हटलं नाही. ती खोक्यावर बसून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "कधी कळलं तुम्हाला?"

"गुरुवारी."

"आज रविवार आहे."

"मी प्रयोग पुन्हा करत होतो. एकदा केलेला…"

"शुक्रवारी सकाळी त्याने कबूल केलं असं तुम्ही आत्ताच म्हणालात."

"हो."

ती खिडकीकडे बघत होती. "शुक्रवारी चार वाजता मी फोन हातात घेऊन बसले होते. म्हटलं, बाबांना एकदा विचारावं. मग म्हटलं, कशाला, काही असतं तर ते बोलले असते. साडेचारला नकार पाठवला."

मी तेव्हा काय करत होतो, हे मी तिला सांगितलं. ते सांगायला नको होतं असं वाटतं, पण काही तरी लपवून उरलेलं सांगणं मला जमलं नसतं.

"दह्याचा वास जाऊन किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून."

"आणि त्या वासाचं कारण तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. मला वाटलं, माझं नाक…"

"बाबा." तिचा आवाज चढला नव्हता. पूल तपासून आल्यावर ती असंच बोलायची, काय सापडलं ते. "निषाद फसवेल हे मी धरूनच चालले होते. म्हणून तर तुम्हाला विचारलं. तुम्ही फसवाल हे मी कुठेच धरलं नव्हतं."

"मी फसवलं नाही, ऋजुता. मला कळलं नाही."

"तुम्हाला कळून घ्यायचंच नव्हतं. मी रात्री जागे राहा म्हटलं, तुम्ही सकाळ निवडलीत."

या वाक्याचा मी तेव्हापासून खूप विचार केला आहे.

तिने माझ्यासमोरच तिच्या वरिष्ठांना फोन लावला, रविवार असून. बरुआ मॅडम म्हणाली ती त्यांना. हिंदीतून अगदी थोडं बोलली. घरची अडचण होती, ती आता राहिली नाही, जागा अजून आहे का. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. ती मधून मधून 'जी' म्हणत होती. एकदा डोळे पुसले, पण आवाजात ते येऊ दिलं नाही.

फोन ठेवून ती म्हणाली, "ती जागा काल दुसऱ्याला दिली. त्याच पुलावर त्याच्या हाताखाली एक जागा आहे. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे तो. मी घेतली."

"तू प्रमुख व्हायला हवी होतीस," मी म्हटलं.

"हो."

तिने उठून खोक्यांवरचे नाशिकचे पत्ते फाडायला सुरुवात केली. चिकटपट्टी चिवट होती. मी मदतीला हात पुढे केला, तिने तो न बघितल्यासारखं केलं. एक पत्ता निघाल्यावर तिने विचारलं, "तुम्ही आता कुठे जाणार?"

"घरी. तीनची बस आहे."

"त्याला काय सांगणार?"

"तुला सांगितलं, एवढंच."

"आणि मग?"

मला प्रश्न समजला नाही. तिने नखाने दुसऱ्या पट्टीची कड शोधत तो पुन्हा विचारला. "मग काय करणार? तो उद्या सकाळी उठेल. आता ते दही नाही. डोकं धरून बसेल. तुम्ही काय कराल?"

मी खरं उत्तर शोधलं. कडक होणं, त्याला घराबाहेर काढणं, दवाखान्यात नेणं, हे सगळं मी बसमध्ये ठरवून आलो होतो. तिच्यासमोर त्यातलं काहीच तोंडातून निघेना. त्याचं सकाळचं तोंड मला दिसत होतं, लहानपणी ताप आल्यावर व्हायचं तसं.

"लिंबाचं पाणी देईन," मी म्हटलं. "बहुतेक."

तिने मान हलवली. रागाने नाही. एखाद्या खांबाला तडा असेल असा अंदाज असावा आणि तो तिथेच निघावा, तशी.

"रिक्षा बोलवते," ती म्हणाली.

पूर्वी मी पुण्याला आलो की ती स्टँडपर्यंत यायची, बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहून काही ना काही सांगत राहायची. आज तिने फोनवर रिक्षा बोलावली, रिक्षाचा नंबर मला दोनदा म्हणून दाखवला आणि दारापर्यंत आली. गुवाहाटीला कधी निघणार हे मला विचारायचं होतं. विचारायचा हक्क उरला आहे की नाही याचा मी विचार करत राहिलो, आणि लिफ्ट आली.

मी आत शिरून वळलो. ती दारात उभी असेल असं मला वाटलं होतं. दार लागलेलं होतं, आणि आतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता.